माझ्या पट्ट्यावर उभा तुमचा माटव

व्याही, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या पडवीत तो हिरवा तंबू घडी करायच्या खटपटीत होतो. होय, तोच. राजस्थानातून आल्यापासून तो तसाच पसरलेला आहे आणि आमच्या मांजरीने त्यात एक बाळंतपणही उरकलं आहे. एका बाजूने कडं दाबलं की दुसरी बाजू उसळून तोंडावर येते. त्या दिवशी ती नाकावर आदळली आणि त्याच क्षणी फोन वाजला. पलीकडे शुभदा होती. ती नुसती रडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नाकामुळे की बातमीमुळे, हे माझ्या बायकोला, कुंदाला बराच वेळ कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

जेवून ओट्यावर सुपारी कातरत बसलात आणि तिथेच आडवे झालात म्हणे. ना दवाखाना, ना धावपळ, कोणाला काही तोशीस नाही. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. मी म्हटलं, पुण्यवान कसला, लबाड. एवढा वाद अर्ध्यावर टाकून उठून जायचं, याला आमच्या पेडण्यात पळ काढणं म्हणतात.

कारण तुमचं एक गाऱ्हाणं अजून उघडं आहे. गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. एकाने देवाला हाक मारून मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. तुमच्या नार्वे गावातल्या अर्ध्या वाड्याची गाऱ्हाणी तुम्हीच घालत होता. ‘व्हय’ पडली नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, मधेच अडकून राहतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. शिकवलंत आणि माझ्यापाशीच एक अडकवून ठेवलंत. ती ‘व्हय’ मी दिली नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही बरं का. माझी बाजू भक्कम होती.

या सगळ्याचं मूळ लग्नात आहे. माझा रोहन आणि तुमची शुभदा यांनी लग्न पेडण्याच्या हॉलमध्ये करायचं ठरवलं आणि आपल्याला फक्त कळवलं. खुर्च्यांना साटीनचे झगे, वर थंडगार वारा सोडणारी यंत्रं. वऱ्हाडी नवरानवरीकडे बघत होते आणि तुम्ही मान वर करून छताकडे. मी विचारलं, काय बघताय? तुम्ही म्हणालात, ‘हेका खांब खंय आसत?’ छताला खांब कुठे, म्हणे. मला वाटलं, भटजींच्या धुराने तुमचं डोकं गरगरलं असेल. मी तुम्हाला सरबत पाठवलं.

नंतर विहीणबाईंनी कुंदाला सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. वाड्यावरच्या प्रत्येक मुलीच्या लग्नाचा मांडव, आपला माटव, तुम्ही घातलेला. चिव्याच्या बांबूचे खांब, माडाची झावळं, वर ताडपत्री आणि कडेने आंब्याचे टहाळे. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला मात्र तुम्हाला एक खुंटदेखील मारायला मिळाला नाही. हे तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत. फक्त भेटलात की एकच पालुपद, ‘एकदा माज्या माटवांत येवन बसा, व्याही.’ मी म्हणायचो, अहो, घरात येऊन बसतोच की, चवथीला येतो, शिगम्याला येतो. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर यायचं. ‘घरांत कोणय येता. माटवांत मानाचो पावणो येता.’

मी हसण्यावारी न्यायचो. तुये इथल्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझा जन्म गेला. वस्तू खोक्यात असावी, खोक्यावर तिचं नाव असावं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. उन्हापावसासाठी छप्पर लागतं हे मला समजायचं, छपराला मान असतो हे नाही.

मग मुलांनी आपल्या चौघांना राजस्थानची सहल भेट दिली. वाळवंटाच्या कडेला एक रिझॉर्ट, तिथे तंबूत राहायचं. रोहन मला फोनवर म्हणाला, ‘बाबा, तिथे सगळी सोय आहे, काही नेऊ नका.’ शुभदाने तुम्हाला हेच सांगितलं. आता व्याही, आपल्याकडे ‘काही आणू नका’ याचा अर्थ काय होतो? लग्नाच्या पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं, तिथेही आपण पाकीट खिशात घालूनच जातो. सोय आहे असं समोरच्याने म्हणायचं असतं आणि आपण आपली सोय घेऊन जायचं असतं. हे मुलांना कळत नाही, कारण ती बंगळूरला राहतात.

तेव्हा मी हिशेब मांडला. मुलगा माझा, म्हणजे सहल माझ्या घरची, म्हणजे यजमान मी. व्याह्यांना तंबूत झोपवायचं तर तंबू माझा हवा. म्हापशाच्या बाजारातून मी तो हिरवा तंबू आणला. खोक्यावर लिहिलं होतं, दोन सेकंदांत उघडतो. बंद किती वेळात होतो, यावर खोकं गप्प होतं. स्टोअरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. नार्व्यात तुम्हीही तोच हिशेब मांडलात, फक्त उलट्या बाजूने. तिकिटं आणि बुकिंग शुभदाने केलं, म्हणजे सहल मुलीकडची, म्हणजे यजमान तुम्ही. एकमेकांना चकित करायचं म्हणून दोघांनीही तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मोपाच्या विमानतळावर तुम्ही ट्रॉली ढकलत आलात ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. खाणी बंद पडल्यावर तुम्ही तुमचा खनिजाचा ट्रक विकलात पण त्याची ताडपत्री ठेवून घेतली होती. ती गोणपाटात लांबलचक गुंडाळून, सुंभाने आवळून ट्रॉलीवर आडवी ठेवली होती. दोन्ही टोकं बाहेर आलेली. तुम्ही पुढे, मागून गंभीर चेहऱ्याने विहीणबाई. लोक आपसूक बाजूला होत होते आणि एका बाईने तर हात जोडले.

‘ह्यां काय?’ मी विचारलं.

‘तंबू,’ तुम्ही म्हणालात. ‘आणि तां काय?’

‘तंबू.’

आपण दोघेही काही वेळ एकमेकांच्या सामानाकडे बघत राहिलो. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग कुंदा विहीणबाईंना म्हणाली, चला, आपण चहा घेऊया, हे आता लवकर आटपणारं नाही. तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

सामान देण्याच्या खिडकीवर तुमच्या गोणपाटातून एकेक वस्तू निघाली. लोखंडी खुंट, हातोडी, कोयता, आणि नारळ खवायला म्हणून आदोळी. पाट, पातं आणि खवणी असं सगळं अंगावर वागवणारी ती अख्खी आदोळी बघून तिथली मुलगी उठून उभी राहिली. हे काय आहे, तिने हिंदीत विचारलं. तुम्ही सांगायला सुरुवात केलीत आणि बघून कळणार नाही म्हणून जमिनीवर ठेवून तिच्यावर बसून दाखवलंत. रांग सगळी वाकून बघत होती. मग तिच्या वरिष्ठांनी येऊन सांगितलं की हे सगळं विमानाच्या पोटातल्या सामानात जाईल, पण माझी गॅसची शेगडी मुळीच जाणार नाही. ती मी आपल्याला सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्याला देऊन टाकली. तुम्ही नुसते गालात हसलात. व्याह्यांच्या सामानात खोट निघाली याचा केवढा आनंद झाला होता तुम्हाला.

तो फार टिकला नाही, कारण मग नारळ निघाला. सुका नारळ विमानातून नेता येत नाही, ते गृहस्थ म्हणाले. तुम्ही नारळ त्यांच्या कानाला लावलात आणि हलवून दाखवलात. पाणी वाजतंय की नाही? मग सुका कसा? ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि तरी नाहीच म्हणाले. परक्या जागी निजायचं तर तिथल्या राखणदाराला नारळ नको का, असं तुम्ही त्यांना विचारलंत. ते लखनौकडचे असावेत. त्यांना राखणदार म्हणजे जागेचा देव नव्हे, वॉचमन वाटला असेल.

शेवटी तुम्ही बाहेर गेलात आणि मोपाच्या सड्याच्या राखणदाराचं नाव घेऊन फुटपाथच्या कडेवर नारळ फोडलात. आत येऊन आधी त्या गृहस्थांना एक कुडका दिलात, मग त्या मुलीला, मग रांगेला. प्रसाद म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? लोक बॅगा ओढता ओढता खोबरं चावत होते. प्रवासाला निघताना नारळ फोडायचाच असतो, वाया गेला नाही, असं तुम्ही मला समजावलंत. मी तुम्हाला काही विचारलंच नव्हतं.

मग माझी पाळी आली. हे गोल काय आहे? मी मोठ्या अभिमानाने पिशवीची चेन ओढली.

खोक्यावरचं खोटं नव्हतं. दोन सेकंदही लागले नाहीत. तंबू उसळला तो माझ्या हातातून सुटून, मागच्या माणसाची टोपी उडवून, रांगेच्या बरोबर मध्ये ऐसपैस उभा राहिला. एक गोरी बाई टाळ्या वाजवू लागली. मी एक बाजू दाबली, लखनौकडच्या गृहस्थांनी दुसरी, आणि आम्ही दोघे आलटून पालटून वर-खाली होत राहिलो. तुम्ही मात्र हाताची घडी घालून उभे. मग सावकाश पुढे आलात, तंबूत वाकून बघितलंत आणि म्हणालात, वारो बरो लागता आत. चहा घेऊन आलेल्या विहीणबाईंनाही बघा म्हणालात.

पण विमानाची वेळ झाली आणि माझा चेहरा पडला, तेव्हा तुम्ही गोणपाटावरचा सुंभ सोडलात. तंबूवर गुडघा रोवून बसलात आणि गवताचा भारा बांधावा तसा तो बांधून टाकलात. वेडावाकडा, एका कडेने कान बाहेर आलेला, पण बांधलेला. तुमच्या माटवाची दोरी माझ्या तंबूला गेली. तेव्हा मी आभार मानले नाहीत, कारण लगेच तुम्ही म्हणालात की आता ह्या तंबूत अर्धो वाटो माजो.

विमानात पुन्हा तोच तंटा. जनेलाकडची, खिडकीची जागा कोणाची? तुमच्या तिकिटावर जनेल होतं आणि तुम्ही ते मला देत होता. मी घेत नव्हतो, कारण जनेल देतो तो यजमान. हवाईसुंदरी येऊन म्हणाली, कोणीतरी बसा. मग तुम्हीच बसलात. विहीणबाईंनी पाववाल्या पोदेराकडून सकाळीच घेतलेले उंडे काढले, पिशवीतली सुकी भाजी काढली आणि मागच्या-पुढच्या ओळीतल्यांनाही वाटली. तुमच्या घरातून निघालेलं काहीही चार परक्या तोंडांत गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

विमानाने वळण घेतलं आणि तुम्ही बोलायचे थांबलात. खाली डिचोलीकडचा भाग होता. लाल खड्डे, त्यांत साचलेलं हिरवं पाणी, आणि मधून गेलेला एक रस्ता, बारीक. तुम्ही काचेला कपाळ लावून बघत राहिलात. ‘तो माजो रस्तो,’ तुम्ही म्हणालात. त्या रस्त्यावरून तुम्ही ट्रक चालवला, त्यावरच शुभदा शिकली, त्यावरच घराला स्लॅब पडला. मग तुम्ही माझा दंड धरून मला तुमच्या मांडीवरून पलीकडे ओढलंत, मलाही तो दिसावा म्हणून. मी बघितलं. वाद घातला नाही. तेवढा वेळ मी तुमचा पाहुणा होतो, व्याही, हे आता मान्य करतो. पण ते विमानातलं. त्याचा माटवाशी संबंध नाही.

रिझॉर्टवर पोचलो तेव्हा फेटेवाल्या मॅनेजरने आपलं सामान बघून अदबीने विचारलं, आपण तंबूंचे व्यापारी का? मग त्याने आपल्याला आपले तंबू दाखवले. त्यांना तंबू म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. आत पलंग, गालिचा, फ्रिज, मागे गरम पाण्याची न्हाणी. कुंदा गादीवर बसली आणि तिने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझ्या खरेदीवरचं सगळं मत होतं. दोघी विहिणी एकाच तंबूत शिरल्या, पडदा लावून घेतला आणि सहल संपेपर्यंत त्यांचं आपल्याशी फारसं काम पडलं नाही.

शहाण्या माणसांनी दुसऱ्या तंबूत जाऊन झोप काढली असती. आपण दोघे वाळूत उभे होतो. मी सुंभ सोडला आणि माझा तंबू उसळून उभा राहिला. तुम्ही ताडपत्री पसरलीत. तिच्या घड्यांतून खाणीची लाल माती पडली आणि पिवळ्या वाळूवर तांबडे पट्टे उमटले. मग खुंट मारायला लागलात. खुंट वाळूत जायचा अलगद आणि यायचाही अलगद. वाऱ्याचा झोत आला की ताडपत्री उठायची आणि तुम्हाला पोटात घ्यायची. आतून तुमचा आवाज यायचा, दोष वाळूचो. शेवटी तुम्ही मॅनेजरला न विचारता राजेशाही तंबूच्या नक्षीदार खांबांना गाठी मारल्यात. मला हाताशी धरून गाठ कशी मारायची तेही शिकवलंत. दोनदा फिरवायची, एकदा खालून घ्यायची, आणि ओढताना दया दाखवायची नाही. तीन कोपरे उभे राहिले. चौथ्याला दोरी नव्हती, कारण तुमचा तो सुंभ माझ्या तंबूला गेला होता आणि गाठ सोडताना मी त्याचा पार गुंता करून ठेवला होता.

तुम्ही माझ्या कमरेकडे बघितलंत.

‘पट्टो द्या.’

मी दिला. चौथा कोपरा माझ्या पट्ट्यावर उभा राहिला आणि मी विजार एका हाताने धरून उभा राहिलो. तोवर पलीकडच्या तंबूतली पाहुणेमंडळी बाहेर येऊन फोटो काढू लागली होती. इथला पारंपरिक कार्यक्रम असावा, असा त्यांचा समज झाला होता.

सूर्य बुडायला आला आणि तुम्हाला राखणदाराची आठवण झाली. नारळ मोपालाच फुटला होता. तुम्ही रिझॉर्टच्या उपाहारगृहात गेलात आणि एक शहाळं घेऊन आलात. त्याला नळी टोचलेली, वर कागदाची गुलाबी छत्री. छत्री काढूया, मी म्हटलं. ऱ्हवांदे, राखणदाराक ऊन लागता हंय, तुम्ही म्हणालात. शहाळं वाळूत ठेवलंत, चपला काढल्यात, डोळे मिटलेत आणि एकदम तुमचा आवाज बदलला. मघाशी ताडपत्रीखालून ओरडणारा माणूस तो नव्हेच.

‘बा राखणदारा म्हाराजा, तुजां नांव आमका ठावक ना, पूण तू आसस तां ठावक आसा. आमी गोंयचीं माणसां, लांबसून आयलों. तुज्या जाग्यार माटव घातलो आसा, चुकला-माकला पोटांत घाल. हे पेडण्याचे माजे व्याही. चलयेच्या, शुभदाच्या लग्नाक माका तेंका माटवांत बसोवक मेळूंक ना. आज ते माज्या माटवांत माजे पावणे म्हणान निजतले. तेंका सुखान निजय आणि सुखरूप घरा पावय रे म्हाराजा.’

आणि तुम्ही थांबलात. आता माझी ‘व्हय म्हाराजा’ यायला हवी होती.

व्याही, तुम्ही फार हुशारीने डाव टाकला होता. माझे पावणे. एकदा मी ‘व्हय’ म्हटलं असतं तर ते देवासमोर ठरलं असतं, मग जन्मभर कोण वाद घालणार? वारा सुटला होता. शहाळ्यावरची छत्री फिरत होती. माझी विजार मी घट्ट धरून होतो.

‘व्याही,’ तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, ‘जाब द्या.’

‘माटव माज्या पट्ट्यार उबो आसा,’ मी म्हटलं. ‘यजमान कोण तां आदी ठरवा.’

तुम्ही एक डोळा उघडून त्या कोपऱ्याकडे बघितलंत. पट्टा ताणून बसला होता. तुम्ही न्यायी माणूस होता, मुद्दा तुम्हाला पटला होता, एवढं मला स्पष्ट दिसलं. पण मागे घेतलंही नाहीत. ‘बरां,’ तुम्ही म्हणालात, ‘उघडां ऱ्हवांदे.’ आणि ते शहाळं अर्धं तुम्ही प्यायलात, अर्धं मला दिलंत.

त्यानंतर तुम्ही तुमच्या माटवात झोपलात आणि मी माझ्या हिरव्या तंबूत, शेजारी शेजारी. दोन्ही राजेशाही तंबूंपैकी एकात बायका घोरत होत्या आणि दुसरा रिकामा होता. सकाळी दोघेही कुडकुडत, दात वाजवत बाहेर आलो आणि दोघांनीही सांगितलं की झोप अगदी छान लागली. कुंदाने दोघांनाही आल्याचा काढा पाजला आणि म्हणाली, देवाने जोडी बरोबर जमवली. ती मुलांबद्दल बोलत नव्हती.

परत आल्यापासून आपलं संभाषण फोनवर एकाच वाक्याने सुरू व्हायचं. ‘उघडां आसा हां, व्याही.’ मग भातशेती, गुडघे, मुलांचा फोन येतो की नाही. माझं म्हणणं, पट्टा परत घेतला असता तर माटव पडला असता, म्हणजे तो माझाच. तुमचं म्हणणं, पट्टा हा आहेर, आहेर करतो तो पाहुणाच असतो. हे शेवटचं तुम्ही चवथीच्या वेळी काढलंत. मी तेव्हापासून उत्तर शोधत होतो. निवृत्त झाल्यापासून माझ्याशी एवढ्या मनापासून भांडणारं कोणी उरलं नव्हतं हो. लोक माझं बोलणं ऐकून घेतात, हो म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. तुम्ही मला कधी हो म्हटलं नाहीत. मला त्याची किती गरज होती, हे मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत, कारण व्याह्यांनी असलं काही एकमेकांना विचारायचं नसतं.

तुमच्या बाराव्याला मी नार्व्याला आदल्या दिवशीच आलो. अंगणात ऊन मी म्हणत होतं. वाड्यावरची मुलं म्हणाली, डिचोलीहून मंडपवाल्याला बोलावतो, खुर्च्या-पंख्यांसकट येईल. विहीणबाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, नको, हेंची ताडपत्री काडा. ती माळ्यावरून काढली. उलगडली तशी आधी खाणीची लाल माती पडली आणि तिच्या पाठोपाठ राजस्थानची पिवळी वाळू. रोहनने केरसुणी आणली. मी त्याला म्हटलं, असू दे, झाडू नकोस.

अशा वेळी घातलेल्या छपराला माटव म्हणत नाहीत, मला माहीत आहे. माटव शुभकार्याचा. सगळे नुसतं ‘सावली’ म्हणत होते. मी मनातल्या मनात माटवच म्हटलं. चिवे मुलांनी रोवले, पण गाठी त्यांना येईनात. नायलॉनच्या दोऱ्यांची सवय त्यांना, कसली तरी गुंतवळ करून ठेवत होती. मी पुढे झालो. दोनदा फिरवायची, एकदा खालून घ्यायची. तीन कोपरे झाले आणि चौथ्याला दोरी कमी पडली. मुलं शोधायला धावली. मी त्यांना थांबवलं आणि माझ्या पिशवीतून तुमचा सुंभ काढला. निघताना तो मी हिरव्या तंबूखालून ओढून घेतला होता, का ते मलाही धड ठाऊक नव्हतं. मांजरीची पिल्लं तेवढी बिछाना हलला म्हणून कुरकुरली. ओढताना मी दया दाखवली नाही.

ताडपत्री ताठ झाली. खाली लालसर सावली पडली. दुसऱ्या दिवशी लोक यायला लागले, त्यांना मी या, बसा म्हणत होतो, पाणी विचारत होतो. एका क्षणी मला वाटलं, बघा व्याही, शेवटी तुमच्या अंगणात यजमान मीच. तुम्हाला चिडवायला फोनच करावा, असं क्षणभर मनात आलं आणि हात खिशाकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात विहीणबाई घरातून तुमची कदेल, ती जुनी खुर्ची, घेऊन आल्या. ओट्यावरची, हातांवर गुळगुळीत झालेली. ती त्यांनी माटवाच्या बरोबर मध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, ‘बसा, व्याही. आज तुमी हेंचे पावणे.’

त्यांना गाऱ्हाण्याचं माहीत होतं. तुम्ही सांगितलं असणार, किंवा त्या दिवशी पडद्याआडून दोघींनीही सगळं ऐकलं असणार. कमरेचा पट्टा कमरेलाच होता. चारी कोपरे तुमच्या दोरीवर उभे होते. माझ्यापाशी एकही मुद्दा उरला नव्हता.

मी बसलो. वर बघितलं. ताडपत्रीला एक छोटं भोक होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा माझ्या गुडघ्यावर पडला होता. मग मी चारचौघांत, चांगलं मोठ्याने म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’

लोकांनी वळून बघितलं. रोहन धावत आला, बाबा, काय झालं म्हणून. काही नाही, मी म्हटलं, एक जाब द्यायचा होता.

तर व्याही, झालं तुमच्या मनासारखं. मी तुमच्या माटवात आलो, मानाने बसलो, देवासमोर कबूल केलं. हरलो म्हणा हवं तर. पण पाहुण्याला बोलावून, कदेल देऊन, असं मध्येच बसवून ठेवायचं आणि यजमानाने उठून जायचं, ही कुठली रीत?